पाळणा लवकर हलतो की जास्त वेळा? जननदर आणि कुटुंब धोरण, सोप्या भाषेत

पुणे महापालिकेच्या हद्दीत वर्षभरात नोंदले गेलेले जन्म घ्यायचे, त्यांना शहराच्या लोकसंख्येने भागायचं आणि आलेल्या आकड्याला पुण्याचा जन्मदर म्हणायचं, हा हिशेब कुणालाही सहज सुचतो. तो चुकीचा आहे. का चुकीचा आहे हे कळलं की या विषयातला बराच गुंता सुटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. त्यानुसार जन्म जिथे झाला तिथे नोंदवायचा असतो, आई राहते तिथे नाही. मुदत २१ दिवसांची. ससूनला आसपासच्या तालुक्यांतून, शेजारच्या जिल्ह्यांतून अवघड बाळंतपणं येतात आणि ती सगळी पुण्याच्या वहीत चढतात. उलट कोथरूडला किंवा हडपसरला राहणारी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी लातूरला नाहीतर जळगावला जाते. ते बाळ महिन्या-दोन महिन्यांत पुण्यात येतं, इथेच वाढतं, पण त्याची नोंद तिकडची. म्हणजे भागाकारातला वरचा आकडा पुणेकरांच्या मुलांचा नसतोच.

खालचा आकडाही डळमळीत. शेवटची हाताशी असलेली जनगणना २०११ची. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. हद्द बदलली, माणसं वाढली, आणि ती किती वाढली याचा प्रत्येक खात्याचा अंदाज वेगळा.

शिवाय नोंदी आणि लोकसंख्या दोन्ही अचूक मिळाल्या, तरी एक अडचण उरते. दर हजार लोकसंख्येमागे वर्षात किती जन्म झाले, याला जन्मदर म्हणतात. तो लोकसंख्येत तरुण किती आहेत यावर फार अवलंबून असतो. चाकण, रांजणगाव, हिंजवडी इथल्या नोकऱ्यांमुळे पुण्याच्या परिसरात विशी-तिशीतली माणसं भरपूर. प्रत्येक जोडप्याने एकच मूल होऊ दिलं तरी हजारी जन्म बरेच दिसतील. सिंधुदुर्गातल्या एखाद्या गावातली तरुण मंडळी मुंबईला गेलेली असतील, तर उरलेल्या जोडप्यांना तीन-तीन मुलं असूनही जन्मदर कमीच दिसेल. म्हणून दोन ठिकाणांची किंवा दोन काळांची तुलना जन्मदरावरून करू नये. त्यासाठी एकूण जननदर हे माप आहे.

जननदर काढतात कसा

स्त्रियांचे १५ ते ४९ वयाचे पाच-पाच वर्षांचे सात गट करतात. प्रत्येक गटातल्या दर हजार स्त्रियांमागे त्या वर्षी किती जन्म झाले ते पाहतात. एका काल्पनिक तालुक्याचे आकडे घेऊ. १५ ते १९ वयात हजारी ३० जन्म, २० ते २४ मध्ये १५०, २५ ते २९ मध्ये ११०, ३० ते ३४ मध्ये ४०, ३५ ते ३९ मध्ये १०, ४० ते ४४ मध्ये ३ आणि ४५ ते ४९ मध्ये १. बेरीज ३४४. प्रत्येक स्त्री एका गटात पाच वर्षं काढते, म्हणून पाचने गुणायचं: १७२०. हजाराने भागायचं: १.७२. हा त्या तालुक्याचा एकूण जननदर.

अर्थ असा की आज पंधरा वर्षांच्या मुलीला पुढची पस्तीस वर्षं प्रत्येक वयात आजचेच दर लागू राहिले, तर तिला सरासरी १.७२ मुलं होतील. हा 'तर' विसरायचा नाही. असं आयुष्य प्रत्यक्षात कुणीच जगत नाही. आजच्या विशीतल्या स्त्रिया आणि आजच्या चाळिशीतल्या स्त्रिया वेगवेगळ्या पिढ्यांतल्या आहेत, आणि हे माप त्यांना एकत्र शिवून एक काल्पनिक बाई तयार करतं. पुढे धोरणांचा परिणाम पाहताना सगळा घोळ इथेच होतो.

भारतात हा आकडा मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो. पहिलं, नमुना नोंदणी पद्धत. निवडलेल्या गावांत आणि शहरी भागांत एक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो, दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस येऊन स्वतंत्रपणे तीच माहिती घेतो, मग दोन्ही याद्या ताडून पाहतात. एकाकडून सुटलेलं दुसऱ्याकडे सापडतं. दुसरं, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. मुंबईच्या देवनारमधली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते १९९२-९३ पासून समन्वयित करते. त्यातला जननदर मुलाखतीआधीच्या तीन वर्षांतल्या जन्मांवरून काढलेला असतो. त्यामुळे एकाच राज्याचे दोन आकडे दिसले तर कुणीतरी खोटं बोलतंय असं समजू नये. मोजण्याची रीत आणि काळ वेगळा असतो. घरोघर जाऊन अशी माहिती गोळा करण्याचं काम पुणे जिल्ह्यात फार लवकर झालं. गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यूंची पाहणी करून ती १९५३ मध्ये प्रसिद्ध केली होती.

२.१ हा आकडा महाराष्ट्राला लागू पडतो का

आई-वडील दोघांच्या जागी दोन मुलं आली तर लोकसंख्या टिकते, मग २ ऐवजी २.१ का म्हणतात? निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. पुढची पिढी मुलींच्या पोटी येणार, म्हणून १०० मुली मिळायला २०५ जन्म लागतात. प्रत्येक आईमागे झाले २.०५. काही मुली आई होण्याच्या वयाआधी दगावतात, त्यांची भर घातली की २.१. याला प्रतिस्थापन पातळी म्हणतात.

हा हिशेब गर्भात मुलींची निवड होत नाही असं धरून केलेला आहे. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रात हजार मुलग्यांमागे ९१३ मुलींचे जन्म आढळले. म्हणजे ९१३ मुली मिळायला १९१३ जन्म. प्रत्येक आईमागे २.०९५. शंभरातल्या ९६-९७ मुली आई होण्याच्या वयापर्यंत जगतात असं धरलं तरी आकडा २.१७च्या आसपास जातो. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, तरी ही तूट भरून आलेली नाही. कुटुंब धोरणाच्या चर्चेत हा मुद्दा अगदी मागच्या बाकावर बसवला जातो. तो पहिल्या बाकावर हवा.

महाराष्ट्रात दर कसा उतरला

देशाचा जननदर १९७१ मध्ये ५.२ होता. १९९२-९३ मध्ये ३.४, आणि २०१९-२१ मध्ये २.०. महाराष्ट्र १९९२-९३ मध्येच २.९ वर होता, २०१९-२१ मध्ये १.७ वर आला. नमुना नोंदणी पद्धतीने २०२० साठी त्याहून कमी, १.५ दाखवला. बिहार २०१९-२१ मध्ये अजून ३.० वर होता, सिक्कीम मात्र १.१ वर. 'भारताचा जननदर' हे वाक्य सोयीचं आहे, पण त्यात दोन वेगळे देश राहतात.

या उताराला मोठा इतिहास आहे आणि त्यात आपल्या माणसांचा वाटा मोठा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा हा शब्द उच्चारणंही अवघड होतं. पुण्याच्या शकुंतला परांजपे १९३८ पासून याच कामात होत्या. सरकारचा कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. देशपातळीवर असा सरकारी कार्यक्रम हाती घेणारा भारत जगातला पहिला देश. मग लाल त्रिकोण आला, 'हम दो हमारे दो' आलं, तांबी आली, आणि मुख्यतः आलं ते ऑपरेशन.

हा शेवटचा तपशील फार महत्त्वाचा आहे. पाचव्या सर्वेक्षणात देशातल्या लग्न झालेल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी नसबंदी करून घेतलेली होती. पुरुष नसबंदी ०.३ टक्के. महाराष्ट्रात स्त्री नसबंदीचं प्रमाण देशापेक्षाही जास्त आहे. म्हणजे इथे जननदर उतरला तो लग्न उशिरा करून नाही. ग्रामीण महाराष्ट्रातली नेहमीची वाट अशी: विशीच्या आसपास लग्न, वर्ष-दीड वर्षात पहिलं मूल, लगेच दुसरं, आणि पंचविशीत किंवा त्याच्या थोडं पुढे-मागे ऑपरेशन. महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, हेही याच सर्वेक्षणातलं. जपान-कोरियात दर पडला तो लग्न लांबल्यामुळे आणि टळल्यामुळे; आपल्याकडे पडला लवकर सुरू करून लवकर थांबल्यामुळे. आकडा सारखा दिसला तरी दुखणं वेगळं, मग औषध सारखं कसं चालेल? पुणे-मुंबईतल्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या घरांत मात्र आता दुसरी, उशिराची वाट सुरू झाली आहे.

दर २.१च्या खाली आला तरी लोकसंख्या लगेच घटत नाही, याचं कारण सोपं आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी भरपूर मुली जन्मल्या, त्या आता आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला कमी मुलं, पण आयाच जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाढत राहील.

पैशाने काय हलतं

आता मुख्य प्रश्न. सरकारने भत्ता दिला, रजा दिली, कर माफ केला, तर मुलं वाढतात का? उत्तर द्यायच्या आधी 'कधी' आणि 'किती' या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

समजा प्रत्येक स्त्रीला दोनच मुलं होतात आणि हे बदलत नाही. फक्त मुलं होण्याचं सरासरी वय हळूहळू एका वर्षाने पुढे सरकलं. जे जन्म दहा वर्षांत झाले असते ते आता अकरा वर्षांत पसरले. या काळात दरवर्षीचे जन्म दहा-अकरांश होतात, आणि जननदर २.० ऐवजी १.८२ दिसतो. एकाही घरात मूल कमी झालेलं नाही, तरी बातमी होते 'दर घसरला'. वय पुढे सरकणं थांबलं की दर आपोआप वर येतो, आणि त्या वर्षी जी योजना चालू असेल ती श्रेय घेऊन जाते. उलटही होतं. भत्ता जाहीर झाला, ज्यांना पुढेमागे दुसरं मूल हवंच होतं त्यांनी ते दोन वर्षं आधी होऊ दिलं. दोन वर्षं दर चढतो, मग पडतो, कारण ती मुलं पुढच्या वर्षांतून उसनी घेतलेली होती.

स्वीडनमध्ये हे अगदी स्वच्छ दिसलं. तिथे बाळंतपणानंतरच्या रजेचा पगार आधीच्या कमाईवर ठरतो. पहिल्या मुलानंतर बाई अर्धवेळ काम करू लागली की कमाई घटते आणि दुसऱ्या खेपेचा भत्ताही घटतो. १९८० मध्ये सवलत आली: ठरावीक महिन्यांत दुसरं मूल झालं तर जुन्या, जास्त कमाईवरच भत्ता मिळेल. १९८६ मध्ये ही मुदत ३० महिन्यांची झाली. तेवढ्यात बसवणं बहुतेकांना जमण्यासारखं होतं, आणि दोन मुलांतलं अंतर खरंच कमी झालं. १९९० मध्ये जननदर २.१३ वर गेला. युरोपभर कौतुक झालं. मग मंदी आली, नोकऱ्या गेल्या, आधीच होऊन गेलेली मुलं पुन्हा होणार नव्हती, आणि १९९९ मध्ये दर १.५० वर होता.

याच्या उलट दिशेचा प्रयोग पुण्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर झाला. सातारा जिल्हा परिषदेने २००७ मध्ये नवविवाहित जोडप्यांसाठी योजना आणली: लग्नानंतर दोन वर्षं पहिलं मूल लांबवलं तर ५,००० रुपये, तीन वर्षं लांबवलं तर ७,५००. दुसऱ्या मधुचंद्राची योजना म्हणून ती गाजली. ती 'किती' या प्रश्नाला हातच लावत नव्हती, फक्त 'कधी' बदलू पाहत होती. ग्रामीण महाराष्ट्राची लवकर सुरू, लवकर बंद ही वाट पाहिली तर नेम अचूक होता. पहिलं मूल दोन-तीन वर्षं लांबलं तर आई वयाने आणि अंगाने सावरलेली असते, तिचं शिक्षण पुढे जायला वाव मिळतो. शिवाय दोन पिढ्यांतलं अंतर वाढल्याने, मुलांची संख्या तीच राहूनही, लोकसंख्येची वाढ मंदावते.

रोख पैशाचे इतर दाखलेही पाहू. पोलंडने एप्रिल २०१६ पासून दुसऱ्या मुलापासून पुढे दरमहा ५०० झ्वोटी द्यायला सुरुवात केली. २०१५ मध्ये १.२९ असलेला दर २०१७ मध्ये १.४५ झाला. २०१९ पासून पहिल्या मुलालाही पैसे, २०२४ पासून रक्कम ८००. आणि २०२४ मध्ये दर १.१ च्या आसपास. हंगेरीने २०१९ मध्ये तरुण जोडप्यांना एक कोटी फोरिंटपर्यंत बिनव्याजी कर्ज देऊ केलं, तीन मुलं झाली की कर्ज माफ. चार मुलांच्या आईला आयुष्यभर प्राप्तिकर नाही. २०११ मध्ये १.२३ असलेला दर दहा वर्षांत १.६ च्या जवळ गेला आणि २०२४ मध्ये पुन्हा १.४ च्या खाली आला. पोलंडच्या भत्त्याने मुलांची गरिबी कमी झाली. ते स्वतंत्रपणे चांगलं काम आहे आणि त्याचं मोल कमी लेखू नये. पण मुलं वाढवण्यासाठी म्हणून तो पैसा टिकला नाही.

दक्षिण कोरिया हे सगळ्यात कडक उदाहरण. तिथला दर १९८३ मध्येच २.१ च्या खाली गेला होता, तरी मुलं कमी करा हे धोरण १९९६ पर्यंत चालू राहिलं. मुलं वाढवा म्हणणारे पंचवार्षिक आराखडे २००६ पासून सुरू झाले. २०२३ मध्ये दर ०.७२ होता. २०२४ मध्ये तो जरासा वर, ०.७५ वर आला. पैसा कमी पडला असं म्हणता येत नाही. पैसा मुलाच्या जन्मावर दिला गेला, अडचण त्याच्या आधी आणि नंतर होती. लग्नाशिवाय मूल होणं तिथे दुर्मीळ, त्यामुळे घर परवडत नाही म्हणून लग्न लांबलं की मूलही लांबतं. मूल झालं की खासगी शिकवण्यांचा खर्च आणि आईच्या नोकरीवर गदा. पुण्यात घर बघणाऱ्या जोडप्याला ही साखळी कुणी समजावून सांगायला नको. आपल्याकडेही मूल लग्नानंतरच येतं, आणि लग्न बहुतेक वेळा घराच्या प्रश्नापाशी अडकतं.

जर्मनीने वेगळी गोष्ट केली. २००७ मध्ये कमाईच्या प्रमाणात पालक भत्ता आणला, त्यातले दोन महिने दुसऱ्या पालकाने, म्हणजे बहुधा वडिलांनी, रजा घेतली तरच मिळतात. ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक बाळाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क दिला. २००६ मधला १.३३ चा दर २०१६ पर्यंत १.६ च्या जवळ गेला. त्यातला काही भाग बाहेरून आलेल्या कुटुंबांचा होता, आणि २०२४ मध्ये तिथेही दर पुन्हा १.३५ च्या आसपास आला. तरी दहा वर्षं टिकलेली चढण हा एका हप्त्याच्या बक्षिसाचा परिणाम नसतो. स्वीडनमध्ये आज ४८० दिवसांची रजा आई-वडिलांमध्ये वाटलेली आहे आणि प्रत्येकाचे ९० दिवस दुसऱ्याला देता येत नाहीत. बाबांनी घेतले नाहीत तर वाया जातात. दिवसाची वाटणी बदलणाऱ्या अशा योजना रोख रकमेपेक्षा हळू काम करतात, पण आईला नोकरी की मूल असं निवडायला लावत नाहीत. तरीही स्वीडन-फिनलंडसारख्या नॉर्डिक देशांत २०१० नंतर दर पडला आहे. फिनलंड १.८७ वरून २०२३ मध्ये १.२६ वर आला. चांगली पाळणाघरं असली की दर आपोआप २ वर जातो असं कुणी सांगत असेल तर तेही खरं नाही.

जपानमधलं नागी नावाचं गाव अनेकदा दाखवलं जातं: लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास, २०१९ मध्ये जननदर २.९५. मोफत उपचार, मुलांना तासाभरासाठी सोडता येईल असं केंद्र, शाळेचा खर्च हलका. प्रयत्न कौतुकाचे आहेत. पण एवढ्या छोट्या गावात वर्षाला जन्म मोजके; दहा-बारा बाळं इकडची तिकडे झाली की दर उडी मारतो. शिवाय मुलं हवी असलेली जोडपी सवलती पाहून तिथे राहायला येतात. एखाद्या ग्रामपंचायतीचा आकडा पाहून राज्याचं धोरण ठरवायचं नसतं.

सक्तीने काय होतं

हे थोडक्यात, कारण निष्कर्ष वादाचा नाही. रोमानियाने १९६६ मध्ये हुकूम काढून गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. दर १.९ वरून १९६७ मध्ये ३.७ झाला. लोकांनी वाटा शोधल्या, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दर पुन्हा २ च्या आसपास आला. मागे राहिलं ते चोरून केलेल्या गर्भपातांत मेलेल्या स्त्रियांचं प्रमाण, युरोपात सर्वांत जास्त. हुकूम डिसेंबर १९८९ मध्ये रद्द झाला. चीनने उलटी, एकाच मुलाची सक्ती केली, ती २०१६ मध्ये सैल केली, त्या वर्षी पावणेदोन कोटींहून जास्त जन्म झाले. २०२३ मध्ये ते ९० लाखांवर आले. बंदी उठली तरी इच्छा परत आली नाही.

आपल्याकडे १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही. त्या काळात लोकांनी पुरुष नसबंदीचा जो धसका घेतला तो गेला नाही. वर आलेला ०.३ टक्के हा आकडा त्याच्याशी थेट जोडलेला आहे. पुढे दोन अपत्यांची अट आली: १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्यांना स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक लढवायला मनाई, आणि २००५ मध्ये राज्य सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्राचा नियम. अशा अटींमुळे काय बिघडतं याचा अनुभव अनेक राज्यांनी घेतला आहे: तिसरं मूल लपवणं, दत्तक दिल्याचं दाखवणं, बायको सोडणं, आणि दोनातला एक मुलगाच हवा म्हणून गर्भातली मुलगी पाडणं. आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडणुकीतली ही अट काढून टाकली, आणि तिथली भाषा आता जास्त मुलांची आहे. १९७१च्या जनगणनेवर गोठवलेल्या लोकसभेच्या जागांची लोकसंख्येनुसार फेरवाटणी समोर दिसू लागली की दक्षिणेत ही भाषा वाढणार, हे समजण्यासारखं आहे. पण ब्रेकवरचा पाय काढून तो सरळ ॲक्सिलरेटरवर ठेवण्यापूर्वी वरचे सगळे दाखले नीट वाचायला हवेत.

पुण्यातल्या घरात धोरण कुठे पोचतं

२०१७च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीच्या आधी. तिसऱ्या मुलापासून १२ आठवडे. अट: आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच चौकट आहे.

कागदावर ही रजा अनेक श्रीमंत देशांच्या तोडीची आहे. गळती दोन ठिकाणी होते. रजेचा पगार द्यायचा कुणी? २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) असलेल्या स्त्रीला तो विमा निधीतून मिळतो. त्यावरच्या पगाराला सगळा भार एकट्या मालकावर पडतो. स्वीडन-जर्मनीत तो सार्वजनिक निधीतून जातो, त्यामुळे बाई कामावर ठेवली म्हणून कुणाचा खर्च वाढत नाही. इथे पन्नास-साठ माणसांच्या वर्कशॉपला सहा महिन्यांचा पगार आणि पाळणाघर दोन्ही जड जातं, आणि मुलाखतीत लग्न कधी करणार हा प्रश्न तिथून जन्मतो. दुसरी गळती म्हणजे कायदा ज्यांच्यापर्यंत जातच नाही त्या: घरकामगार, बांधकामावरच्या बायका, ठेक्यावर काम करणाऱ्या. त्यांना मातृवंदना योजनेतून पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० मिळतात. हा पैसा पोषणासाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठी आहे. तो 'मुलं वाढवा'चा भत्ता समजून त्याच्यावर टीका करणं किंवा त्याच्याकडून तशी अपेक्षा ठेवणं दोन्ही चूक.

लेक लाडकी योजनेचंही तसंच. १ एप्रिल २०२३ पासून पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेच्या घरात जन्मलेल्या मुलीला जन्मावेळी ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये, एकूण १,०१,०००. पैशाचा मोठा भाग शेवटी आणि अठरा वर्षांनंतर ठेवला आहे, ही रचना विचारपूर्वक आहे. अकरावीपर्यंत शिकलेली मुलगी लग्न उशिरा करते आणि पहिलं मूलही. योजनेने काम केलं तर महाराष्ट्राचा जननदर काही वर्षं आणखी उतरलेला दिसेल, आणि ती चांगली बातमी असेल.

वडिलांच्या रजेचा प्रश्न मात्र तसाच आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीत कायद्याने एकही नाही. आणि तीन वर्षांखालच्या मुलाला दिवसभर ठेवायचं कुठे, याला अंगणवाडी हे उत्तर नाही. ती तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काही तास सांभाळते. केंद्राच्या पाळणा योजनेत काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडण्याची सोय आहे, आणि राज्याने भर द्यावा अशी हीच जागा आहे. सध्या पुण्यात हे काम आजी करते, नाहीतर खासगी पाळणाघर. आजी गावी असेल आणि पाळणाघराचा खर्च आईच्या पगाराच्या निम्म्यात जात असेल, तर दुसऱ्या मुलाचा निर्णय तिथेच होऊन जातो.

पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रात एखादी नवी योजना आली आणि वर्षभरात दर ०.१ ने हलला, तर त्यावरून काही ठरवू नये. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलाचे आकडे वेगवेगळे मागावेत. पहिल्याचे वाढले आणि दुसऱ्याचे नाही, तर बहुधा फक्त वेळ बदलली आहे. आईचं सरासरी वय कोणत्या बाजूला सरकलं ते पाहावं. खरा हिशेब मूल होण्याचं वय उलटून गेलेल्या स्त्रियांना प्रत्यक्षात किती मुलं झाली, यावरून लागतो. २०१७ मध्ये २६ आठवड्यांची रजा लागू झाली तेव्हा ज्या पंचवीस वर्षांच्या होत्या, त्यांचा तो हिशेब २०३७ मध्ये, त्या पंचेचाळिशीला पोचतील तेव्हा, पुरा होईल.